रोजाची मुभा आहे, पण ताट?

बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेपर्यंत, फार तर चाळीस दिवस, बाईला रोजा धरता येत नाही. पुढेही बाळ अंगावर पीत असेल आणि उपवासाने आईला किंवा बाळाला अपाय होण्याची भीती असेल, तर तिला मुभा आहे. सुटलेले रोजे नंतर पूर्ण करायचे. हे मोहल्ल्यात बहुतेकांना ठाऊक असते.

अडचण चुलीपाशी सुरू होते. रमजानमध्ये दिवसा घरात काही शिजत नाही. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग वस्तीत, जिथे आठवड्याच्या मजुरीवर एका खोलीत सात-आठ माणसे राहतात, तिथे एकटीसाठी भाकरी कोण टाकणार? सहेरीचे उरले असेल तर दुपारी खायचे, तेही सासऱ्यांच्या नजरेआड. उरले नसेल तर बाई रोजा न धरताच उपाशी. माग बंद पडला, मजुरी बुडाली की पहिली काटकसर दूध-अंड्यांत होते आणि शेवटी जेवणारीच्या वाट्याला चहा-पाव येतो.

हिंदू घरांत डिंकाचे, अळिवाचे लाडू. मुस्लीम घरांत हरीरा. ऐपतीप्रमाणे दोन्हीकडे महिना-सव्वा महिना पुरतात. पाजणाऱ्या आईला मात्र पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे जवळपास एका वेळचे जेवण.

‘खायला नाही, म्हणून दूध आटले’ असे घरातली मोठी माणसे म्हणतात आणि बाटली येते. खरे तर अर्धपोटी आईलाही बहुधा पुरेसे दूध येते. शरीर आपलाच साठा मोडून ते देते आणि झिजते ती. दूध टिकते बाळाच्या ओढण्यावर. बाटली आली की ओढणे कमी, म्हणून दूधही कमी. त्यात पावडरीचा महाग डबा पुरवायचा म्हणून पाणी वाढवले जाते. मग जुलाब, मग दवाखाना.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क दिला आहे. घरी आलेले पाकीट सगळ्यांच्या पातेल्यात जाते, हा भाग वेगळा. कुरआनातील सूरह बकराच्या ज्या आयतीत दोन वर्षे पाजण्याचा उल्लेख आहे, त्याच आयतीत आईच्या अन्न-वस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. पहिला भाग सुनेला वारंवार ऐकवला जातो.

आता फित्र्याचे दिवस. माणशी पावणेदोन किलोच्या आसपास गहू किंवा त्याची किंमत, ईदच्या नमाजआधी गरजूंपर्यंत पोहोचवायची. ऐपत असलेल्या बापाने ईदच्या पहाटेआधी जन्मलेल्या तान्ह्याचाही फित्रा द्यायचा. मोहल्ल्याच्या यादीत विधवा असतात, यतीम असतात. नवरा हयात आहे, म्हणून बाळंतिणीचे नाव सहसा त्यात नसते.