खेड्यांत डॉक्टर टिकावा कसा ?

बीं-बियाणें, खतें, पाणी व जनावरांची निगा या विषयांवर आपल्या मासिकांत नेहमीं उपयुक्त मजकूर येत असतो. तो वाचून आपण बैलाचा रोग ओळखावयास शिकलों, कपाशीवरील किडीचा बंदोबस्त करावयास शिकलों. परंतु ऐन पेरणीच्या दिवसांत घरधनीच तापानें अंथरुणास खिळला, किंवा सुनेचें बाळंतपण मध्यरात्रीं अडलें, तर त्या वेळीं सारें शेतकीचें ज्ञान बाजूस राहतें व एकच प्रश्न उरतो : डॉक्टर कोठें आहे ? पुष्कळ खेड्यांत त्याचें उत्तर 'तालुक्याला' असेंच मिळतें. डॉक्टर गांवांत येत नाहीं, आला तर राहत नाहीं, ही तक्रार आपण सर्वच करितों. तो कां राहत नाहीं, व काय केलें असतां राहील, याचा विचार मात्र क्वचित् होतो. तो प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. वैद्यकाचें ज्ञान त्यास नाहीं. परंतु एक प्रकरण मनांतून जात नाहीं. आमच्या तालुक्यांतील एका गांवीं दवाखाना होता, पण डॉक्टरांस राहण्यास घर नव्हतें. गांवठाणालगतची थोडी सरकारी जागा त्या घरासाठीं मिळावी, असा गांवचा अर्ज आमच्या कचेरींत आला. नकाशाची प्रत नाहीं, चतुःसीमा जुळत नाहींत, ठराव जोडलेला नाहीं, असे शेरे मारून मीं तो कागद तीनदां परत पाठविला. प्रत्येक शेरा नियमास धरूनच होता. कागद पुन्हां आला तोंपर्यंत ते तरुण डॉक्टर एका गोदामाच्या माडीवर आठ महिने काढून निघून गेले होते. पुढच्या श्रावणांत त्या गांवच्या एका बाईस निंदणी करितांना सर्पदंश झाला, व तालुक्याच्या वाटेवरच तिचा अंत झाला. डॉक्टर असते तर ती वांचलीच असती, असें मी म्हणत नाहीं. पण 'वांचली असती काय?' हा प्रश्न अजून मजपुढें येतो, आणि त्यास शेरा मारून परत पाठवितां येत नाहीं.

डॉक्टर कां राहत नाहीं ?

आजकालच्या तरुणांत सेवाभाव नाहीं, असें म्हणून आपण मोकळे होतों. पण डॉक्टरांच्या जागीं स्वतःस कल्पून पाहावें. पहिली अडचण मिळकतीची. खेड्यांत दुखणीं वाढतात तीं पावसाळ्यांत, आणि शेतकऱ्याच्या हातीं पैसा येतो तो सुगीनंतर. ज्या महिन्यांत खासगी डॉक्टरास काम अधिक, त्याच महिन्यांत त्याची उधारी अधिक. दुसरी अडचण एकटेपणाची. रात्रीं-अपरात्रीं बोलावणें आलें तर जाणारा तोच; तो आजारी पडला किंवा लग्नकार्यास गेला, तर त्याच्या जागीं कोणी नाहीं. अवघड रोगी आला असतां सल्ला घ्यावयास शेजारीं दुसरा जाणता नसतो, आणि उपयोगावांचून शिकलेली विद्या गंजूं लागते. तिसरी अडचण संसाराची : राहतें घर, मुलांची शाळा, पत्नीचें अथवा पतीचें काम. या तीन गोष्टींची तजवीज जेथें झाली, तेथें डॉक्टर राहिले. याचीं दोन उदाहरणें परदेशांतील शेतकऱ्यांच्या अनुभवांतून देतों.

गहूं पिकविणाऱ्यांनीं केलेली व्यवस्था

कॅनडा देशाच्या सपाट मुलखांत सस्कॅचेवान नांवाचा प्रांत आहे. तेथील मुख्य पीक गहूं. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें वसाहत करून राहिलेल्या शेतकऱ्यांचीं घरें एकमेकांपासून दूर दूर होतीं. हिवाळ्यांत बर्फानें वाटा अडत, व सारा संसार एका पिकावर अवलंबून असे. स्थानिक कारभार ग्रामीण म्युनिसिपालिट्या पाहत. अशी एक म्युनिसिपालिटी सामान्यतः अठरा मैल लांब व अठरा मैल रुंद असे. तिचे सभासद बहुधा शेतकरीच असत, आणि जमिनीवर कर बसवून ती रस्ते वगैरे कामें करी.

१९१४ च्या सुमारास तिकडे अवर्षण पडलें. होल्डफास्ट गांवच्या बाजूस सार्निया नांवाची म्युनिसिपालिटी आहे. तेथील डॉ. श्मिट यांस लोकांकडून पुरेशी फी मिळेनाशी झाली व ते गांव सोडण्याच्या विचारांत पडले. तेव्हां म्युनिसिपालिटीनें १५०० डॉलर देण्याचें ठरवून त्यांस ठेवून घेतलें. असा खर्च करण्याचा अधिकार कायद्यानें तिला नव्हता. तो प्रांताच्या विधिमंडळानें १९१६ सालीं कायदा दुरुस्त करून दिला, व १९१९ सालीं खर्चाची मर्यादा ५००० डॉलरपर्यंत वाढविली. आधीं काम झालें व मागाहून नियम आला, हें वाचून माझ्यासारख्या जुन्या कारकुनास थोडी लाजच वाटली.

या व्यवस्थेचा बोजा किती पडला असेल, याचा मीं सहज हिशेब केला. अठरा मैल चौरस म्हणजे ३२४ चौरस मैल, म्हणजेच २ लक्ष ७ हजार ३६० एकर. कर जमिनीच्या किमतीवर बसत असल्यामुळें प्रत्येकाचा आंकडा निराळा येणार. पण अदमासासाठीं साऱ्या क्षेत्रावर सारखी वांटणी केली, तर १५०० डॉलरचा बोजा एकरीं एका सेंटहूनही कमी येतो. तेथें वसाहतवाल्यास सरकारांतून मिळणारा तुकडा १६० एकरांचा असे. त्याच्या वांट्यास वर्षाकांठीं सव्वा डॉलरहून कमी रक्कम पडली. एकट्या रोग्यास जें ओझें असह्य होतें, तें सर्व खातेदारांनीं उचललें तेव्हां जाणवलेंही नाहीं.

आपल्या लोकांस हें तत्त्व नवें नाहीं. पूर्वीं लोहार-सुतारांस खळ्यावर बलुतें मिळे. त्या वर्षीं आपला नांगर मोडो वा न मोडो, सुताराचें बलुतें चुकत नसे. कारण मोडेल त्या दिवशीं सुतार गांवांत असला पाहिजे, हें गांवास कळत होतें. सार्नियाच्या शेतकऱ्यांनीं डॉक्टरांस बलुतेंच बांधून दिलें, असें म्हटल्यास चालेल.

१९३० नंतरच्या मंदींत व दुष्काळांत ही पद्धत आणखी पसरली, आणि १९५० च्या सुमारास शंभराहून अधिक ग्रामीण म्युनिसिपालिट्यांत ती चालू होती. १९४६ सालीं स्विफ्ट करंट गांवाभोंवतींच्या अनेक म्युनिसिपालिट्यांनीं एकत्र येऊन, दर माणशीं वर्गणी व जमिनीवरील कर यांतून सर्व रहिवाशांच्या उपचारांची तरतूद केली. डॉक्टरांस मेहनतान्याची खात्री पटतांच दोन वर्षांत त्या भागांतील त्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. पुढें १९६२ सालीं साऱ्या प्रांतांत सरकारी वैद्यकीय विमा सुरू झाला, व १९६६ सालीं सर्व देशासाठीं त्याच धर्तीचा कायदा झाला.

या पद्धतींत उणीव नव्हती असें नाहीं. पगार देणारे व औषध घेणारे एकच असल्यामुळें डॉक्टरांच्या कामांत ढवळाढवळ होण्याची भीति असे. म्हणून तेथील वैद्यकमंडळींचा कल पगारापेक्षां कामागणिक फी घेण्याकडे होता. शिवाय मिळकतीची सोय झाली तरी एकटेपणाचा प्रश्न तसाच राहत असे.

डोंगरांतील व बेटांवरील व्यवस्था

त्या प्रश्नाचें उत्तर त्याच काळीं स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखांत व बेटांवर शोधलें गेलें. तेथें लहान लहान तुकडे खंडानें कसणारे गरीब शेतकरी राहतात. ब्रिटिश सरकारनें १९११ सालीं मजुरांसाठीं आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. पण हे लोक कोणाचे पगारी नोकर नसल्यामुळें बहुतेक त्याबाहेर राहिले. तेव्हां सर जॉन ड्यूअर यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीमंडळ नेमण्यांत आलें. त्याचा अहवाल १९१२ सालीं आला, व १९१३ सालीं कायदा होऊन दरसाल ४२,००० पौंडांचें अनुदान मंजूर झालें.

या योजनेची रचना लक्षांत घेण्यासारखी आहे. डॉक्टरांचा धंदा खासगीच राहिला. मात्र त्यांस किमान मिळकतीची हमी मिळाली. रोग्यानें माफक ठराविक फी द्यावयाची, व लांबच्या प्रवासाचा खर्च अनुदानांतून व्हावयाचा. त्यामुळें दहा मैलांवरील रोग्यास शेजारच्यापेक्षां अधिक द्यावें लागत नसे. घरासाठीं, मोटारीसाठीं अथवा होडीसाठीं मदत मिळे. रजेवर किंवा पुढील अभ्यासास जातांना बदली डॉक्टराची सोय होई. आणि सर्वांत महत्त्वाचें, मदतीस शिकलेल्या परिचारिका नेमल्या. १९२९ सालीं या मुलखांत १६० डॉक्टर व १७५ परिचारिका काम करीत होत्या. १९४८ सालीं ही व्यवस्था ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेंत विलीन झाली.

आपल्याकडील स्थिति

महाराष्ट्रांत सपाटीच्या भागीं तीस हजार व डोंगरी-आदिवासी भागीं वीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असें प्रमाण ठरलेलें आहे. सरकारी महाविद्यालयांतून एम्. बी. बी. एस्. झालेल्यांस एक वर्ष सेवेचें बंधन असतें. परंतु बंधनानें माणूस येतो. राहतो तो सोयीनें. वर्ष भरलें कीं गाडी बोलावून सामान भरणारा डॉक्टर आपण पाहिलेला आहे. बाजारच्या गांवीं खासगी धंदा करणारे डॉक्टरही याच अडचणींस कंटाळून शहर गांठतात. नेमणूक करणें सरकारचें काम खरें. पण टिकविण्याच्या कामांतील बराच भाग गांवाच्या हातीं आहे. तो असा :

१. घर. डॉक्टरांच्या राहत्या घराचें छप्पर, पाणी, वीज व संडास यांची पाहणी गांवानें दरवर्षीं मृगापूर्वीं करावी. २००५ सालीं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर आरोग्य केंद्रांसाठीं रुग्ण कल्याण समित्यांची योजना झाली. अशा समितीवर आपला माणूस बसला असेल, तर त्यानें ही गोष्ट लावून धरावी.

२. मिळकत. खासगी डॉक्टरांबाबत गांवच्या सोसायटीनें सभासदांकडून सुगीवर थोडी वर्गणी घेऊन ठराविक वार्षिक रक्कम बांधून देण्याचा विचार करावा. मात्र कराराच्या अटी लेखी असाव्यात, व औषधयोजनेंत सभासदांनीं बोलूं नये.

३. हातभार. किरकोळ दुखण्यासाठीं डॉक्टरांस मध्यरात्रीं उठवूं नये. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालीं जामखेड येथें काम सुरू केलें, व गांवोगांवच्या, पुष्कळशा निरक्षर अशा स्त्रियांस आरोग्याचें शिक्षण देऊन तयार केलें. त्यांमुळें साधीं दुखणीं गांवांतच निभावूं लागलीं. आपल्या गांवची परिचारिका व आशा सेविका यांस मान दिला, तर डॉक्टरांचें निम्मे ओझें उतरतें.

४. रजा. शेजारच्या दोन-तीन गांवांच्या डॉक्टरांनीं आळीपाळीनें एकमेकांचें काम पाहावें, व रजेच्या दिवशीं कोणाकडे जावयाचें ती पाटी दवाखान्यावर लावावी. बैलासही बेंदूर-पोळ्याची सुट्टी आपण देतों.

५. वागणूक. रोगी दगावला म्हणून डॉक्टरांवर हात टाकणें हा गुन्हा आहे. त्यासाठीं महाराष्ट्रांत २०१० सालीं खास कायदा झाला असून त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण कायद्याच्याही आधीं गांवच्या चार वडील माणसांनीं दवाखान्याच्या दारांत उभें राहावें. ज्या गांवीं एकदां मारहाण झाली, तेथें दुसरा डॉक्टर मनापासून येत नाहीं.

६. आपलीं मुलें. खेड्यांत वाढलेला डॉक्टर खेड्यांत राहण्याचा संभव अधिक, म्हणून ग्रामीण भागांतील विद्यार्थी निवडावे, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेनें २०१० सालीं केली आहे. हुशार पण गरीब मुलामुलींच्या शिक्षणास हात देणें, हें पुढील वीस वर्षांचें बीं आहे.

वरीलपैकीं एकही गोष्ट अशी नाहीं कीं जिच्यासाठीं मोठा निधि येईपर्यंत थांबावें लागेल. सार्नियाचे शेतकरी आपल्यासारखेच पावसाकडे डोळे लावून बसणारे होते. पीक बुडालें त्या वर्षींच त्यांनीं डॉक्टर राखला. वाचकांनीं येत्या ग्रामसभेंत डॉक्टरांच्या घराचा विषय काढावा, एवढीच विनंति आहे. जागेसाठीं अर्ज करावयाचा असल्यास उतारा, मोजणीचा नकाशा, चतुःसीमा व ठरावाची खरी नक्कल पहिल्याच खेपेस जोडावी. कागद पाहून द्यावयास प्रस्तुत लेखक केव्हांही तयार आहे; त्यांत उशीर होणार नाहीं.