परदेशातली टॅक्सी आणि वटणावळ

मराठवाड्यातल्या जुन्या मंडळींच्या बोलण्यात 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द हमखास येत. निजामाचा रुपया तो हाली आणि इंग्रजांचा तो कलदार. सात हालींना सहा कलदार, हा सर्वसाधारण हिशेब. हद्द ओलांडली की सराफाकडे नाणे वटवायचे आणि त्याची वटणावळ द्यायची, हे तेव्हा कोणाला समजावून सांगावे लागत नसे. सराफ समोर बसलेला असे आणि त्याचा भाव पटला नाही तर शेजारच्या पेढीवर जाता येई. आज हा सराफ टॅक्सीतल्या कार्डाच्या यंत्रात आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपमध्ये जाऊन बसला आहे. तो दिसत नाही, म्हणून त्याची वटणावळही आपल्या लक्षात येत नाही.

गंमत म्हणजे आपण राहतो त्या प्रदेशात एके काळी रुपयाच चालत असे. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळा 'गल्फ रुपी' काढला होता. जून १९६६ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले आणि दुबई, अबू धाबीने रुपयाला निरोप दिला. दुबईत कतार-दुबई रियाल आला, अबू धाबीत बहरीनचा दिनार, आणि १९७३ मध्ये सर्व अमिरातींचा मिळून दिरहम. १९९७ पासून एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम असा दर बांधलेला आहे. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

भारतातून आलेल्या पाहुण्यांनी दुबईत आपल्या भारतीय कार्डाने टॅक्सीचे भाडे दिले, तर वटणावळ तीन ठिकाणी लागू शकते. पहिली घेते कार्ड देणारी बँक. भारतातल्या अनेक कार्डांवर परकी चलनाच्या व्यवहारासाठी दोन ते साडेतीन टक्के आकार असतो आणि त्या आकारावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. दुसरी लागते यंत्रापाशी. यंत्र भारतीय कार्ड ओळखते आणि अदबीने विचारते, "रक्कम दिरहममध्ये घेऊ की रुपयांत?" रुपये ओळखीचे, म्हणून आपले बोट तिकडे वळते. पण रुपये निवडले की भाव ठरवण्याचा हक्क यंत्रवाल्याकडे जातो आणि त्याचा भाव बँकेपेक्षा चार-पाच टक्क्यांनी महाग असला तरी नवल नाही. वर काही भारतीय बँका परदेशात रुपयांत झालेल्या अशा व्यवहारावरही आपला आकार लावतात. तिसरी जागा अ‍ॅपची. उबरसारख्या अ‍ॅपमध्ये भाडे घरच्या चलनात दाखवण्याची आणि घेण्याची सोय असते, पण ती फुकट नसते. परदेशात उतरल्यावर वॉलेटच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणते चलन निवडलेले आहे ते एकदा पाहावे आणि तिथे स्थानिक चलन ठेवावे.

आता हिशेब करू. समजा, भाडे १०० दिरहम झाले आणि त्या दिवशी दिरहमचा बाजारभाव २३ रुपये आहे. म्हणजे भाडे २,३०० रुपये. साडेतीन टक्के आकाराच्या कार्डाने दिरहममध्ये पैसे दिले, तर आकाराचे ८० रुपये ५० पैसे आणि जीएसटीचे १४ रुपये ४९ पैसे, असे ९५ रुपये जास्त जातात. यंत्रावर रुपये निवडले आणि भाव पाच टक्क्यांनी महाग मिळाला, तर ११५ रुपये, शिवाय बँकेचा आकार असल्यास तो वेगळा. एका फेरीला ही रक्कम मोठी नाही. पण महिनाभराच्या मुक्कामात आई-वडिलांच्या २,००० दिरहमच्या फेऱ्या झाल्या, तर याच हिशेबाने १,९०० ते २,३०० रुपये निव्वळ वटवण्यात जातात.

उपाय अवघड नाहीत. यंत्राने विचारले की नेहमी दिरहम म्हणावे. दुबईत मेट्रो, बस आणि ट्रॅम यांसाठी २००९ पासून नोल कार्ड आहे. ते टॅक्सीतही चालते. एकदाच दिरहम भरले की प्रत्येक फेरीला वटणावळ नाही. अबू धाबीच्या बससाठी मात्र हाफिलात हे वेगळे कार्ड लागते. भारतातून दिरहम भरून आणलेले फॉरेक्स कार्डही चांगले, पण 'शून्य आकार' या जाहिरातीला भुलू नये. ते भरताना दिलेला भाव बाजारभावाशी ताडून पाहावा, कारण वटणावळ तिथे भावातच मुरलेली असते. यूपीआय इथल्या काही दुकानांत २०२२ पासून चालू लागले आहे, पण टॅक्सीत ते चालेलच असे धरून निघू नये. आणि २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवे भारतीय कार्ड परदेशातल्या वापरासाठी मुळात बंदच असते. ते निघण्यापूर्वी चालू करून घ्यावे.

आपण स्वतः इथून बाहेर जातो तेव्हा तो बांधलेला दर कामाला येतो. न्यूयॉर्कला २० डॉलरची टॅक्सी केली, तर ती ७३ दिरहम ४५ फिल्सची. कार्डाच्या हिशेबात ७५ दिरहम ६५ फिल्स दिसले, तर वटणावळ तीन टक्के पडली, हे तोंडी कळते. पुण्यात किंवा नागपुरात रिक्षा करताना इथले कार्ड वापरण्याची गरजच नाही. जानेवारी २०२३ पासून अमिरातीच्या मोबाइल क्रमांकावर एनआरई किंवा एनआरओ खाते यूपीआयला जोडण्याची मुभा आहे. बँकेने सोय दिली असेल, तर रिक्षावाल्याला रुपये रुपयांतच मिळतात.

हे सगळे पाहिले की एक साधा नियम हाती लागतो. ज्या गावात फिरायचे, त्या गावच्या चलनात ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने भाडे द्यावे. पाहुणे दुबईत आले की यजमानाने आपल्या इथल्या कार्डावर करीममधून त्यांची 'हला' टॅक्सी बोलवावी. दिरहममधला पगार दिरहममध्येच खर्च होतो आणि सराफाला मधे शिरायला जागाच उरत नाही. आपण पुण्याला गेलो की रिक्षाचे पैसे आपल्या तिथल्या रुपयांतून द्यावेत. यात हुंडी-हवाल्याचा काही प्रकार नाही. पाहुण्याचा खर्च यजमानाने करावा, इतकेच.

अडचण येते ती वेगळ्याच बाजूने. आपले आई-वडील मानी असतात. "रोज तुझ्या पैशाने किती फिरायचं?" असे म्हणून ते घरी बसून राहतात, नाहीतर गुपचूप आपले पेन्शनचे कार्ड पुढे करतात. त्यावर मला एकच उत्तर सापडले आहे. मी त्यांना टक्केवारीचा हिशेब कागदावर मांडून दाखवतो आणि विचारतो, "बाबा, हे पैसे मला नकोत, तुम्हाला नकोत, मग सराफाला का द्यायचे?" आयुष्यभर काटकसर केलेल्या माणसांना हा युक्तिवाद चटकन पटतो. आणि पहिल्याच दिवशी भरलेले नोल कार्ड हातात दिले, की कोणाला न विचारता ती दोघे मेट्रोने बर दुबईला जाऊन भाजी घेऊन येतात.