गच्चीवरची वीज : सल्ला कुणाचा घ्यावा?



ऊन फुकट मिळते. पण त्याची वीज करून घरात आणायची म्हटली की पैसा लागतो, आणि पैसा खर्च होणार असे दिसले की सल्लागारांची वानवा राहत नाही. चेंबूरमधल्या एखाद्या जुन्या सोसायटीची कल्पना करा. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचे बिल वाढलेले. कमिटीत कुणीतरी म्हणते, "गच्चीवर सौर पॅनेल बसवू या की!" लगेच तीन विक्रेते हजर होतात. एक म्हणतो, पाच किलोवॅट पुरेत. दुसरा म्हणतो, पंधरा हवेत. तिसरा म्हणतो, "तुम्ही नुसती सही करा, बिल शून्य!" आता यांतले खरे कुणाचे मानायचे?

विकणारा माणूस खोटाच बोलतो असे मुळीच नाही. पण "तुमच्या गच्चीवर हे बसवू नका" असे सांगणे त्याच्या पोटावर येते, एवढे ध्यानात ठेवावे. म्हणून त्याच्याकडून दर घ्यावा, माल पाहून घ्यावा. निर्णयाचे तीन प्रश्न मात्र तीन निराळ्या ठिकाणी विचारावेत.

पहिला प्रश्न इमारतीचा. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरकडून करून घेणे मुंबईत कायद्यानेच बंधनकारक आहे. त्याच इंजिनियरला विचारावे, की ही गच्ची पॅनेलचे वजन पेलेल का, आणि वाऱ्याचे काय? पॅनेल वाऱ्यापुढे शिडासारखे वागते. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात घाटकोपरला, आपल्या छेडानगरजवळ, प्रचंड जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि सतरा माणसे प्राणांस मुकली. पॅनेलचा सांगाडा त्याहून पुष्कळ लहान, हे खरे. पण चवथ्या मजल्यावरून सुटलेले एक पॅनेलही जीव घेऊ शकते. गच्चीला भोके पाडायची तर गळतीची जबाबदारी कुणाची, हेही कागदावर यावे. या इंजिनियरची फी सोसायटीनेच द्यावी, विक्रेत्याने नव्हे. ज्याची फी आपण देतो, तो आपल्या बाजूने बोलतो.

याच वेळी आणखी एक गोष्ट स्वतःलाच विचारावी. पॅनेलची हमी साधारण पंचवीस वर्षांची असते. टिळकनगर, सुभाषनगर यांसारख्या वसाहतींत तर पुनर्विकासाचे वारे वाहत आहेत. इमारत चार वर्षांत पाडायची असेल, तर "थांबा" म्हणणारा सल्लागारच तुमचा खरा हितचिंतक.

दुसरा प्रश्न उन्हाचा. याचा हिशोब आपला आपल्यालाच करता येतो. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी, बिनसावलीची जागा लागते. त्यातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारएक युनिट, म्हणजे महिन्याला १२०च्या आसपास वीज मिळते. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात अधिक. सामाईक मीटरवर महिन्याला ९०० युनिट जळत असतील, तर सात-आठ किलोवॅट झाले. मग पंधरा कशाला? आता सावलीचे पाहा. विक्रेता मे महिन्यात येतो, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो आणि गच्ची लख्ख दिसते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. दक्षिणेला शंभर फूट उंचीची इमारत असेल, तर भर दुपारीसुद्धा तिची सावली नव्वद फुटांपर्यंत येते. आणि एका पॅनेलवर पडलेली सावली पुष्कळदा तिच्या ओळीतल्या इतर पॅनेलांची वीजही घटवते. तेव्हा शेजारी नवा मनोरा उठणार आहे का, याचीही चौकशी करावी.

तिसरा प्रश्न वीज कंपनीचा. चेंबूरमध्ये वीज अदानी किंवा टाटा यांच्याकडून येते. ज्यांचे बिल येते, त्यांच्याच कार्यालयात नेट मीटरचे नियम विचारावेत. हा मीटर घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजतो. पण वर्षअखेर शिल्लक उरलेल्या युनिटांना जो दर मिळतो, तो आपण भरतो त्याहून कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच म्हणजे विक्रेत्याचा लाभ, आपला नव्हे.

अनुदानाचेही असेच. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये आणि सोसायटीच्या सामाईक वापराला दर किलोवॅटमागे १८,००० रुपये ठरवले गेले. ही रक्कम संच चालू झाल्यावर थेट बँकेच्या खात्यात जमा होते. "अनुदान मिळवून देतो, आधी थोडे पैसे द्या," असे कुणी म्हणाले, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे! नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी योजनेच्या संकेतस्थळावर असते. यादीत नाव असणे ही पहिली पायरी आहे, कामाच्या गुणवत्तेची पावती नव्हे. पाच वर्षांची देखभाल करारात लिहून घ्यावीच.

आणि शेवटी एक युक्ती सांगतो. ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे, असा एक प्रश्न विक्रेत्याला विचारावा. "काय हो, बाहेरची वीज गेली तर आमची लिफ्ट या पॅनेलांवर चालेल ना?" बॅटरी नसलेला साधा संच बाहेरची वीज जाताच आपोआप बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये, म्हणून तशी योजनाच केलेली असते. तेव्हा "नाही चालणार" असे जो सरळ सांगेल, त्याच्याशी पुढचे बोलणे करावे. "चालेल की!" म्हणणाऱ्याला नमस्कार.

त्यानंतर ज्यांच्या गच्चीवर दोन पावसाळे काढलेला संच आहे, अशी एखादी सोसायटी आपली आपण शोधावी, विक्रेत्याने दाखवलेली नव्हे. तिथल्या सेक्रेटरींकडून आधीची आणि नंतरची बिले मागून घ्यावीत आणि सर्वसाधारण सभेत सर्वांसमोर वाचावीत. पी हळद आणि हो गोरी, असा हा व्यवहार नाही. पंचवीस वर्षांच्या सोबतीचा प्रश्न आहे. महिनाभर चौकशीत गेला, तर तो वाया गेला असे समजू नये.