गालाच्या त्वचेतील हाड आणि दाताचा क्ष-किरण

दाढ दुखते म्हणून घेतलेल्या क्ष-किरणचित्रात मुळाजवळ तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका दिसावा, आणि तो जबड्यात नसून गालाच्या त्वचेत असावा, हे सहसा कोणास पटणार नाही. तथापि त्वचेत खरेखुरे हाड तयार होण्याचा हा प्रकार वैद्यकास एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहे. ‘ऑस्टिओमा क्यूटिस’ हे त्याचे नाव.

नुसते कॅल्शियम साचणे निराळे आणि हाड बनणे निराळे. येथे त्वचेच्या आतील थरात अस्थिपेशींसह हाडाची रीतसर रचना आढळते. क्वचित मज्जाही असते. बहुतेक रुग्णांत जुना दाह वा व्रण यांच्या जागी ते उद्भवते. चेहऱ्यावर वर्षानुवर्षे टिकलेल्या तारुण्यपीटिका हे त्याचे नेहमीचे कारण होय. बहुधा वेदना नसतात, त्यामुळे रुग्णाला त्याचा पत्ताही नसतो.

क्ष-किरणचित्र ही अखेर सपाट पडछाया. गालातील कण आणि जबड्यातील घट्ट झालेले हाड तीत एकाच जागी दिसतात. मध्ये फिकट, कडेने दाट अशी कडीसारखी आकृती जाणकारास सावध करते. निर्णयाची युक्ती मात्र साधी आहे. फिल्म दातांच्या आतील बाजूस न ठेवता गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवून, किरणांची मात्रा कमी करून, केवळ गालाचे चित्र घ्यावयाचे. ठिपका तेथेही उमटला, तर तो गालातीलच. त्रिमितीय ‘कोन बीम सी.टी.’नेही स्थान निश्चित होते. परंतु त्यात किरणांची मात्रा अधिक असल्याने ती सरसकट करणे इष्ट नव्हे.

पुणे शहरात धनकवडी येथील भारती विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयासारख्या संस्थांत मौखिक वैद्यक व क्ष-किरण हा स्वतंत्र विभागच असतो. शंकास्पद चित्र तेथे दाखविता येते. ते न दाखविल्यास निरोगी दातावर उपचार किंवा जबड्यावर अनावश्यक शस्त्रक्रिया होण्याचा संभव राहतो. जबड्याच्या कोनाखालील पांढरे ठिपके मात्र पुष्कळदा जुन्या क्षयाच्या गाठींचे असतात, हेही ध्यानात घ्यावे लागते.

लहान मुलाच्या त्वचेत अशा टणक गाठी आढळल्यास गोष्ट गंभीर मानावी. काही आनुवंशिक विकारांचे ते पहिले लक्षण असू शकते. म्हणून रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस व परावटू ग्रंथीचे संप्रेरक तपासले जाते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वा अंगणवाडीत येते, तेव्हा शिक्षकांनी अशी गाठ त्यांच्या नजरेस आणून द्यावी.

प्रौढांत बहुधा उपचाराची गरज नसते. गाठ पुटकुळी समजून पिळण्याची सवय तेवढी घातक. तिने व्रण वाढतो. चेहरा विद्रूप दिसत असल्यास त्वचारोगतज्ज्ञ लहानसा छेद घेऊन कण काढून टाकतात.