तिळाचा दुसरा घाणा

तमिळनाडूतल्या पापनाशमच्या एका गल्लीत सकाळी पोचले तेव्हा चेक्कू, म्हणजे आपला लाकडी घाणा, नुकताच सुरू झाला होता. फिरवायला बैलाऐवजी मोटर, पण उखळ शिरीषाच्या लाकडाचं. तीळ भरडून लगदा झाला तशी घाणेवाल्या अण्णांनी त्यात ताडगुळाची ढेकळं टाकली. त्यानं लगदा धरतो आणि तेल सुटतं. बऱ्याच वेळानं कडेनं पिवळी धार लागली. बाटली पुढे केली, तर म्हणाले, "थांबा अक्का, गाळ बसू दे."

दुपारी गरम भातावर पोडी, म्हणजे तिकडची कोरडी चटणी, आणि त्यावर हेच तेल पडलं. एवढा वेळ डोळ्यांनी पाहिलेलं काम आता माझ्याच बरगड्यांखाली सुरू होणार होतं.

तिळाच्या तेलात सुमारे ४० टक्के लिनोलिक आम्ल असतं: १८ कार्बनची साखळी, तिच्यात दोन दुहेरी बंध. ते आपल्या शरीराला घडवता येत नाही, खाऊनच मिळवावं लागतं. त्यातलं बरंचसं जळतं किंवा साठतं. थोडंसंच यकृतात पुढच्या घडणीला जातं. तिथलं डेल्टा-६ हे विकर (एन्झाइम) साखळीत तिसरा बंध घालतं, दुसरं विकर दोन कार्बन जोडतं आणि डेल्टा-५ चौथा बंध. झालं अॅराकिडोनिक आम्ल. पेशीच्या आवरणात ते बसतं. जखम सुजताना, रक्त गोठताना लागणारे काही रेणू त्याच्यापासून होतात.

जवसातल्या ओमेगा-३ लाही हीच विकरं लागतात, म्हणून त्याची आणि लिनोलिक आम्लाची चढाओढ. त्यात तिळातलंच सेसमिन डेल्टा-५ ला आवर घालतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. एकाच दाण्यात कच्चा माल आणि त्याचा लगामही! मला याचं फार अप्रूप वाटतं.

आणि हे काम सगळ्यांच्या यकृतात सारखं चालत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी पुण्यातल्या २३४ बहुतांशी शाकाहारी लोकांची जनुकं तपासली. या विकरांच्या जनुकांपाशी काहींत डीएनएच्या २२ अक्षरांचा एक जादा तुकडा असतो, आणि त्यामुळे रूपांतर जोरात होतं. तो आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून आलेले पुण्यात ६८ टक्के निघाले. अमेरिकेतल्या ३११ जणांत १८ टक्के. पिढ्यान्पिढ्या मांस-मासळीवाचून राहिलेल्या शरीरांनी उणीव घरातच भरून काढली, असा त्याचा अर्थ लावतात. पण तोच जोर आजच्या तेलकट ताटात सूज वाढवणाऱ्या रेणूंकडेही वळू शकतो.

संध्याकाळी गाळ बसला. अण्णांनी बाटली भरून दिली, पेंड गाईसाठी बाजूला काढली. पुण्याला गेल्यावर या बाटलीशेजारी जवसाच्या चटणीची बरणी ठेवणार आहे.