दांत, चष्मे आणि तोफा : ब्रिटनच्या १९५१ च्या अंदाजपत्रकाचा वाद

जमाखर्चाचे कागद हातीं आले कीं संग्राहक ते बहुधा बाजूस सारतो. बखर सांपडल्याचा आनंद त्यास ताळेबंदानें होत नाहीं. परंतु कोणाचें दुःख कोणाच्या पैशानें निवारावयाचें हा राज्यांतील मूळचा तंटा ताळेबंदांतच उघडा पडतो, असें आमचें मत आहे. ब्रिटनच्या १९५१ च्या अंदाजपत्रकाची हकीकत या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे.

त्या देशांत ५ जुलै १९४८ रोजीं राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. वैद्य, औषध, रुग्णालय, दांतांची कवळी, चष्मा, सर्व कांहीं रुग्णास विनामूल्य. खर्चाचा फार मोठा भाग मात्र सरकारी करांतून. यांतील मर्म या शेवटल्या कलमांत आहे. धनिकानें ऐपतीप्रमाणें कर द्यावा व दरिद्र्यानें गरजेप्रमाणें उपचार घ्यावा, म्हणजे दोघांतील अंतर निदान आजारपणापुरतें तरी मिटावें, असा तो हिशेब होता. ही सेवा उभारणारा मंत्री अन्यूरिन बेव्हन हा वेल्समधील कोळसाखाणीच्या मजुराचा मुलगा. तेराव्या वर्षीं शाळा सोडून तो स्वतः खाणींत उतरलेला. कवळ्या व चष्मे यांस एवढी मागणी आली कीं खर्चाचे पहिले अंदाज कोलमडले. वर्षानुवर्षें दाबून ठेवलेली गरज ती. तीस उधळपट्टी म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें.

जून १९५० मध्यें कोरियाचें युद्ध पेटलें, आणि पुढील जानेवारींत पंतप्रधान अॅटली यांनीं शस्त्रसज्जतेसाठीं तीन वर्षांत ४७० कोटी पौंड खर्चण्याचें जाहीर केलें. हा पैसा उभा करण्याचें काम अर्थमंत्री ह्यू गेट्सकेल यांच्याकडे आलें. १० एप्रिल १९५१ च्या अंदाजपत्रकांत त्यांनीं प्राप्तीवरील कर वाढवून पौंडास साडेनऊ शिलिंग केला. वांटलेल्या नफ्यावरील कर शेकडा ३० वरून ५० वर नेला. तेव्हां धनिकांस मोकळें सोडलें, हा आरोप टिकत नाहीं. पण त्याच कागदांत कवळी व चष्मा यांची सुमारें निम्मी किंमत रुग्णाकडून घेण्याचें कलम होतें. त्यांतून त्या वर्षीं मिळावयाचे होते १ कोटी ३० लाख पौंड!

एवढ्याशा रकमेसाठीं मंत्रिमंडळ फुटलें. अॅटली रुग्णालयांत होते. बैठकी हर्बर्ट मॉरिसन चालवीत होते. बेव्हन, हॅरॉल्ड विल्सन व जॉन फ्रीमन या तिघांनीं राजीनामे दिले. गेट्सकेल यांचें म्हणणें असें कीं, कोणत्याही खात्याच्या खर्चास मर्यादा असलीच पाहिजे. बेव्हन यांचें म्हणणें असें कीं, रक्कम लहान असली तरी तत्त्व मोडतें, आणि शस्त्रांवरील ४७० कोटी कच्च्या मालाच्या टंचाईमुळें खर्चच होणार नाहींत. औषधाच्या चिठ्ठीवर आकार बसविण्याचा अधिकार देणारा कायदा १९४९ सालीं, बेव्हन आरोग्यमंत्री असतांनाच, झाला होता, हें त्यांचे कैवारी बहुधा सांगत नाहींत. मजूर पक्ष ऑक्टोबरांत निवडणूक हरला, आणि हुजूर पक्षानें १९५२ मध्यें तोच अधिकार वापरून चिठ्ठीमागें एक शिलिंग बसविला.

शस्त्रांविषयींचें भाकीत मात्र खरें ठरलें. कार्यक्रम ठरल्या मुदतींत पुरा होणार नाहीं, हें डिसेंबर १९५१ मध्यें चर्चिल यांनींच सभागृहांत मान्य केलें.

मंत्रिमंडळाच्या त्या बैठकींचीं टिपणें तीस वर्षांच्या नियमानुसार १९८२ सालीं खुलीं झालीं. गेट्सकेल यांची रोजनिशी १९८३ सालीं छापली गेली. त्यांच्याबरोबर गिलबो समितीचा १९५६ चा अहवाल ठेवून वाचावा, असें आम्ही अभ्यासकांस सुचवितों. आरोग्यसेवेचा खर्च आवरत नाहीं या तक्रारीवरून नेमलेल्या या समितीस आढळलें तें असें : राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानानें तो खर्च १९४९-५० मध्यें शेकडा ३.७५ होता, आणि १९५३-५४ मध्यें शेकडा ३.२५.