तहानंतरचे युद्ध

तहावर सह्या झाल्या की इतिहासाच्या लेखी युद्ध संपते. ज्यांनी ते भोगले किंवा केले, त्यांच्यापुरते ते संपतेच असे नाही. परमुलखात वृद्ध झालेल्या निर्वासितांवरील व स्थलांतरितांवरील कादंबऱ्यांचे महत्त्व येथेच आहे. या कादंबऱ्यांत केवळ मायभूमीची ओढ असते, हा समज अपुरा आहे. नवा देश आसरा देतो, तसाच आडोसाही देतो. तेथे भूतकाळ विचारणारे कोणी नसते.

सॉल बेलो यांच्या 'मिस्टर सॅमलर्स प्लॅनेट' (१९७०) या कादंबरीचा नायक न्यूयॉर्कमध्ये राहणारा वृद्ध पोलिश ज्यू आहे. नाझींनी केलेल्या सामूहिक हत्येत त्याची पत्नी मारली गेली. तो प्रेतांच्या खड्ड्यातून जिवंत बाहेर आला. परंतु पुढे, शस्त्र टाकून जीवदान मागणाऱ्या जर्मन सैनिकाला त्यानेच गोळी घातली, आणि त्या कृत्यात त्याला आनंद वाटला. बळी आणि मारेकरी यांच्यातील सोयीस्कर सीमारेषा येथे पुसट होते.

चँग-रे ली यांच्या 'अ जेस्चर लाइफ' (१९९९) मधील हाता हा जन्माने कोरियन, जपानी कुटुंबात वाढलेला आणि ब्रह्मदेशात जपानी सैन्याच्या वैद्यकीय सेवेत असलेला गृहस्थ. पुढे तो अमेरिकेतील एका लहान गावात वैद्यकीय साहित्याचे दुकान चालवून प्रतिष्ठा मिळवतो. डॉक्टर नसतानाही गाव त्याला 'डॉक' म्हणते. उतारवयात, दुकान सुटल्यावर, सैनिकांच्या भोगासाठी छावणीत आणलेली एक कोरियन तरुणी त्याच्या स्मृतीत पुन्हा उभी राहते. तिच्यावर आपले प्रेम आहे असे तो मानीत होता. तिला वाचवणे मात्र त्याच्याकडून झाले नाही. त्याचे निर्दोष सौजन्य हे त्या अपयशावरचे पांघरूण होय.

अपराध्यांविषयी अशी सहानुभूती कशाला, असा आक्षेप घेता येईल. परंतु समजून घेणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. किम हाक-सून या कोरियन महिलेने जपानी सैन्याकडून झालेला असाच अत्याचार उघडपणे सांगितला तो १९९१ मध्ये, युद्ध संपल्यानंतर ४६ वर्षांनी. पीडितांना बोलण्यास इतका काळ लागला. मग जे पाहत उभे राहिले, त्यांना बोलते कोण करणार? न्यायालयापुढे न आलेली ती साक्ष कादंबरीकार कल्पनेने घेतो. या साक्षीवाचून युद्धाचा हिशेब अपुराच राहील.